उजवी पिशवीत, डावी खोक्यात

माझ्या टेबलावरच्या दगडाला जीभ लावणारी ती पहिली पालक.

शाळेत पालकसभा होती. एकेक आईबाप समोरच्या खुर्चीवर बसत होते, मुलाच्या गणिताबद्दल ऐकत होते, मान डोलावून उठत होते. ही आली तेव्हा चार वाजून गेले होते. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, एक बाही कोपरापर्यंत ओली आणि कानाच्या पाळीवर राखाडी चिखलाचा वाळलेला ठिपका. मी तिला मुलीचे अपूर्णांक कच्चे असल्याचं सांगत होते. ऐकता ऐकता तिने माझ्या कागदांवरचा दगड उचलला, जिभेच्या टोकाने ओला केला, अंगठ्याने पुसला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"बाई, हा तुम्ही उलटा ठेवलाय," ती म्हणाली.

तो दगड माझ्या टेबलावर अकरा वर्षं होता. त्याला सुलट-उलट असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"ही पोकळी दिसते ना? लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडा अडकला, त्याची ही जागा. पुढे तिच्यात पाणी झिरपत राहिलं आणि तळाशी थर बसत गेले. बघा, कसे सपाट आहेत. भांड्यात साका बसतो तसे. साका कधी झाकणाला बसतो का?" तिने दगड उलटा करून, म्हणजे सुलटा करून, कागदांवर ठेवला.

"पण चाटायचं कशाला?" मी विचारलं.

"ओला केल्याशिवाय दगड रंग दाखवत नाही. आमच्याकडे बादली असते. इथे नव्हती." मग तिला आपण कशासाठी आलो आहोत ते आठवलं. "अपूर्णांकांचं म्हणाल तर मलाही नवलच आहे. तिची आई दिवसभर दुसरं काही करतच नाही. सकाळी आठपासून नुसते अर्धे अर्धे."

अशी माझी करवतकाकूंशी ओळख झाली. हे नाव त्यांना त्यांच्या शेडमध्ये मिळालं होतं आणि त्यांचं त्याला काही म्हणणं नव्हतं. पुढे आमचं जाणं-येणं वाढलं, तशा त्या माझ्याशी एकेरीवर आल्या नाहीत, पण मी आले.

गावाबाहेरच्या टेकड्यांवर एक कंपनी धातूंचा शोध घेत होती. टेकड्या जुन्या ज्वालामुखीच्या. एक उंच यंत्र जमिनीला दोन-तीनशे मीटर खोल भोक पाडायचं आणि आतला दगड दांड्यासारखा अखंड वर काढायचं. मनगटाएवढा जाड, गोल, गुळगुळीत दांडा. त्याला सगळे कोअर म्हणत. तो तुकड्यातुकड्यांनी लांबट खोक्यांत ओळीने मांडून, किती खोलीवरचा आहे त्याची लाकडी चिठ्ठी मध्ये खोचून, ट्रकने शेडमध्ये यायचा. तिथे भूगर्भाचे साहेब त्याच्यावर वाकून वाकून टिपणं काढत आणि जिथे तपासणी हवी तिथे दांड्यावर लांबीभर लाल रेघ ओढत. मग तो करवतकाकूंकडे.

करवतीची चकती ताटाएवढी, तिच्या कडेला हिऱ्याची पूड बसवलेली. वरून पाण्याची धार. काकू दांडा सरकत्या पट्टीवर बसवायची, लाल रेघ चकतीसमोर आणायची आणि एका लयीत ढकलायची. दांडा उभा चिरला जायचा. मग भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला नियम: उजवी पिशवीत, डावी खोक्यात. उजवा अर्धा भाग कापडी पिशवीत भरून प्रयोगशाळेत जाणार, तिथे त्याची पूड होऊन सोनं-चांदी किती ते कळणार. डावा अर्धा भाग खोक्यात कायमचा राहणार. उद्या कुणी विचारलं की खाली काय होतं, तर दाखवायला पुरावा.

त्या कापडी पिशव्या तिचा नवरा शिवायचा. तो टेलर. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, काचेला टेकून उभा केलेला एक बिनडोक्याचा पुतळा आणि दोन मशिनं. तो बोलायचा फार कमी, कारण तोंडात बहुतेक वेळ टाचण्या असायच्या.

"आमच्या घरात दोघंही कापणारेच," काकू सांगायची. "फरक एवढाच, त्यांचं चुकलं तर पुन्हा शिवता येतं."

टेलरमास्तर टाचण्या काढून म्हणाले, "आणि माझं गिऱ्हाईक ओरडतं. तुझं गिऱ्हाईक बिचारं गप्प असतं."

ओळख झाल्यावर मी दरवर्षी सातवीचा वर्ग शेडवर न्यायचं ठरवलं. पुस्तकात खडकांवर दोन पानं होती आणि ती दोन्ही कंटाळवाणी होती. पहिल्या वर्षीची ती भेट मात्र पार फसली. साहेब कुठेतरी गेलेले, काकूने एकामागून एक खोकी उघडली आणि मुलांना दिसले ते करडे, हिरवट-करडे आणि काळपट-करडे दगड. काकू सांगत होती, मुलं पायाने पाण्याची डबकी उडवत होती. निघताना एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "एवढ्यासाठी चालत आणलं? हे तर नुसते दगडच आहेत."

मी त्याला डोळ्यांनी दटावलं. पण काकूच्या कानावर ते गेलं होतं. तिने खोक्याचं झाकण लावलं. दगडाला कुणी नुसता दगड म्हटलेलं तिला मिरच्यांसारखं झोंबलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा चित्रच वेगळं होतं.

टेबलावर सहा खोकी मांडून ठेवलेली. बाजूला भरलेली बादली आणि नवाकोरा ब्रश. काकूने पहिल्या तुकड्यावर पाणी ओतलं आणि मुलं एकदम पुढे सरकली. करड्या खडकातून हातभर लांबीची पांढरी शीर गेली होती. नुसती पांढरी नव्हे. दुधी थर, मग पाण्यासारखा पारदर्शक थर, मग फिकट जांभळा, मग पेन्सिलीच्या रेघेएवढा काळा, पुन्हा दुधी. दोन्ही कडांपासून मध्यापर्यंत सारखेच, जणू कुणी घडी घातलेली. आणि त्या काळ्या रेघेत, नीट पाहिलं तर, सुईच्या टोकाएवढे पिवळे कण.

"सोनं?" पाच-सहा जण एकदमच म्हणाले.

"सोनं. आणि काळं दिसतं ते बरंचसं चांदीचं. हात लावा, चावू नका. आता सांगते ते तिथे कसं गेलं."

काकूचं शिक्षण आठवीपर्यंतचं. साहेबांना टिपणं काढताना स्वतःशी मोठ्याने बोलायची खोड होती आणि करवत बंद असली की काकूचे कान उघडे असत. एवढंच तिचं भूगर्भशास्त्र. पण मी इतकी वर्षं शिकवून जे मुलांच्या डोक्यात घालू शकले नसते ते तिने पंधरा मिनिटांत घातलं.

"पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. बरंचसं विहिरीत येतं. थोडं मात्र आगाऊ असतं, ते खालीच जातं. खाली ज्वालामुखीचा तापलेला रस. तिथे हे पाणी तापतं. किती? उकळत्या पाण्याच्या दुप्पट-अडीचपट. पण उकळत नाही. का?"

मुलांनी बादलीतल्या पाण्याकडे पाहिलं.

"घरात कुकर आहे ना? झाकण घट्ट असलं की आत दाब राहतो. वर अख्खी टेकडी झाकण म्हणून बसलीय, कसं उकळेल? तर असं तापलेलं, दाबलेलं पाणी खडकांतून फिरतं आणि खडकातलं काय काय स्वतःत विरघळवून घेतं. गारगोटी विरघळवतं. इथलं कणभर सोनं, तिथली कणभर चांदी. एका बादलीत बघायला गेलात तर काहीच दिसणार नाही. पण पाणी हजारो वर्षं फिरतंय. त्याला कुठे शाळेची घंटा असते?"

"मग ते वर कसं येतं?" मागून एका मुलीने विचारलं.

"भूकंपाने खडकाला भेग पडली की पाण्याला वाट मिळते. गरम ते वर सुटतं. जसजसं वर येईल तसा डोक्यावरचा भार कमी. एका ठिकाणी असं होतं की झाकण उघडल्यासारखं सगळं एकदम उकळतं. आता गंमत ऐका. सोनं पाण्यात आपल्या पायाने येत नाही. ते गंधकाचा हात धरून येतं. समजा, नवरा-बायको बसने निघालेत. दोघांचं तिकीट नवऱ्याच्या खिशात. आणि नवरा मधल्याच थांब्यावर उतरून गेला. मग कंडक्टर बायकोला पुढे नेतो का?"

"नाही," मुलं हसत म्हणाली.

"उतरवतोच. पाणी उकळलं की गंधकाची वाफ होऊन तो निघून जातो आणि सोनं तिथेच, भेगेच्या भिंतीला चिकटून बसतं. गारगोटीही बसते. घरी पाणी तापवायच्या किटलीत पांढरा थर धरतो, तसा. थर बसून बसून भेग बुजते. खाली पाणी पुन्हा कोंडतं, पुन्हा दाब, पुन्हा भेग, पुन्हा उकळी. एकेक पट्टा म्हणजे एकेक वेळ. मोजा किती वेळा झालं ते."

मुलं डोकी एकमेकांवर आपटत मोजत बसली. कुणाचे एकोणीस आले, कुणाचे तेवीस. काकूने मग एक तुकडा दाखवला, त्यात गारगोटीचे कागदासारखे पातळ पापुद्रे एकमेकांत आडवेतिडवे अडकलेले. "असे पापुद्रे दिसले की समजायचं, पाणी इथे नक्की उकळलं होतं. साहेबांना हे दिसले की ते शीळ घालतात."

परत येताना मुलं शिरांबद्दलच बोलत होती. आदल्या वर्षी कुरकुरलेल्या मुलाचा धाकटा भाऊ या वर्गात होता. तो काकूला म्हणाला होता, "काकू, तुमची खोकी एक नंबर आहेत." काकूचा चेहरा असा फुलला की माझ्या मनात आलं, ही बाई चुकून करवतीवर गेली, जायला हवी होती फळ्यापुढे.

त्यानंतर चारेक महिन्यांनी एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. टेलरमास्तर पिशव्यांना नाड्या ओवत बसले होते. काकू मात्र नेहमीच्या रंगात नव्हती.

"महिनाअखेर यंत्र उचलणार म्हणतात," ती म्हणाली.

"कुठलं यंत्र?"

"भोकं पाडायचं. अकरा भोकं झाली. प्रयोगशाळेचे आकडे आले, टनाला दोन ग्रॅमसुद्धा नाही. मुख्य कचेरीला निदान साडेतीन तरी हवेत. यंत्र गेलं की कोअर नाही, कोअर नाही की शेडला कुलूप. साहेबांचं डोकं फिरलंय. खोक्यांपुढे उभे राहतात आणि म्हणतात, डोळ्यांना दिसतं ते कागदावर का येत नाही? प्रयोगशाळेवाल्यांना तर असं पत्र लिहिलंय, वाचवत नाही. आता दुसरी प्रयोगशाळा बघणार म्हणे."

"खोक्यांत चांगला माल दिसतो?" मास्तरांनी सुईवरची नजर न काढता विचारलं.

"दिसतो म्हणजे काय. बाईंनी पाहिलाय की."

"आणि पिशव्यांत चांगला माल निघत नाही."

"नाही ना."

"मग चांगला माल गेला कुठे?"

"कुठे म्हणजे? खोक्यांत," काकू म्हणाली, आणि कप ओठांपर्यंत नेऊन थांबली.

मास्तरांच्या काही लक्षात आलं नव्हतं. ते आपले नाडी ओढत बोलत होते. "काचेत चांगलं कापड लावलं की आत उरतं ते उरलेलंच. दुकानात नेहमीचंच आहे." काकूने कप बशीत ठेवला. कपाचा आवाज झाला, म्हणून त्यांनी वर पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "मीच पाठवलं नाही."

मग सगळं बाहेर आलं. माझ्या वर्गाची पहिली भेट फसली त्यानंतरच्या भोकापासून, म्हणजे चौथ्यापासून, काकूने भिंतीवरचा नियम गुपचूप सोडला होता. दांडा चिरला की दोन्ही अर्धे हातात घ्यायचे, पाण्याखाली धरायचे, आणि ज्याच्यात शीर जास्त देखणी, कण जास्त ठळक, तो खोक्यात ठेवायचा. साधा दिसणारा पिशवीत. शीर दांड्यात तिरकी असली की एका बाजूला जास्त येतेच. सोन्याचे कण तर काय, करवतीच्या या अंगाला असतात आणि त्या अंगाला नसतात.

"मला वाटलं, अर्धा तो अर्धा," ती म्हणाली. "त्यांची तर पूडच करायची असते. पूड करायला सुंदर कशाला लागतं? आणि मुलं येणार, खोकं उघडणार..."

ती माझ्याकडे पाहायचं टाळत होती. आणि त्या खोक्यांवर खूश होऊन शाळेच्या वहीत चार ओळी लिहिणारी मीच होते.

मास्तरांनी हातातली नाडी खाली ठेवली. मग म्हणाले, "कुणाला ठाऊक आहे?"

"आपल्या तिघांना."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. यंत्र जायचंच असेल तर असंही जाईल. सांगितलंस तर यंत्राआधी तू जाशील. नियम भिंतीवर लिहिलाय, फुटाफुटाच्या अक्षरांत. मला दिसत नव्हता म्हणायचीही सोय नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर महिनाअखेरपर्यंतचा पगार आणि निरोपाचा चहा."

"अहो, तो डोंगर बदनाम होतोय," काकू म्हणाली. हे तिने इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मास्तरांच्या तोंडात टाचण्या असत्या तर त्यांनी त्या गिळल्या असत्या. "एवढी हजारो वर्षं राबून त्याने ते साठवलं. आणि माझ्यामुळे कागदावर लिहिलं जाणार, इथे काही नाही. आणि ते प्रयोगशाळेवाले उगाच शिव्या खातायत. मला नाही जमणार."

"मग सांग," मास्तर म्हणाले आणि पुढची पिशवी घेतली. "मी शिवतोच आहे. लागल्या तर लागतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधी ती माझ्या दारात उभी. "बाई, तुम्ही काही बोलू नका. फक्त शेजारी उभ्या राहा."

साहेब शेडमध्ये एका खोक्यावर वाकले होते. उंच, किडकिडीत माणूस, गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग, हातातला दगड नुकताच चाटून झालेला.

"साहेब, प्रयोगशाळेवाल्यांना देताय त्या शिव्या माझ्या आहेत," काकू म्हणाली. "त्यांच्याकडून काढून घ्या."

मग तिने एका दमात सगळं सांगितलं. साहेब ऐकत असतानाच एका पालथ्या खोक्यावर बसले.

"कितव्या भोकापासून?"

"चौथ्या."

"म्हणजे आठ भोकं."

"साडेसात. अकराव्याचा अर्धा कापायचा राहिलाय."

"तरीच," ते म्हणाले. "तरीच. मी म्हणतोय, माझे डोळे गेले का." त्यांना राग आला होता का सुटल्यासारखं वाटलं होतं, हे त्यांचं त्यांनाच कळत नसावं. उठले, शेडच्या टोकापर्यंत गेले, परत आले. "काकू, कुणी चोरी केली तर समजतं. कुणी आळस केला तर समजतं. तुम्ही दगडांची वशिलेबाजी केलीत. याच्यासाठी आमच्याकडे फॉर्मसुद्धा नाही."

तेवढ्यात मी न बोलायचं ठरवलेलं विसरले. म्हटलं, "साहेब, त्यात माझ्या वर्गाचाही हात आहे."

"आहेच," ते म्हणाले. "तुमच्या वर्गाची चाळीस पोरं आणि माझे चाळीस लाख वर्षांपूर्वीचे दगड. वशिला कुणाचा लागणार?"

काकूला वाटलं होतं, आता उरलेले देखणे अर्धे पाठवले की झालं. साहेबांनी मान हलवली. "तसं केलं तर आकडा उलटा फुगेल. तुमचे सगळे लाडके एकीकडे. आधी गेलेला अर्धा आणि हा अर्धा, दोन्हींची सरासरी काढली तर खरं काय ते कळेल. पण हा सगळाच पाठवला तर पुरावा उरत नाही. म्हणजे याचे पुन्हा उभे दोन भाग. पाव पिशवीत, पाव खोक्यात."

"कोण कापणार?" काकूने विचारलं. मला वाटतं, पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता.

"दुसरं कोण आहे इथे? पण माझी एक अट. कुठला पाव कुठे जायचा ते तुम्ही ठरवायचं नाही."

मुख्य कचेरीला सगळं लेखी कळवावं लागलं. उत्तर आलं ते दोन भागांत. पहिल्यात काकूला सक्त ताकीद. दुसऱ्यात, शिरा असलेले दोनशे दहा तुकडे पुन्हा तपासायची परवानगी. आकडे येईपर्यंत यंत्र टेकडीवरच थांबणार होतं, बंद.

ते तीन आठवडे मी शाळा सुटल्यावर अधूनमधून जाऊन बसायचे. साहेबांची अट काकूने आपल्यापरीने घट्ट केली होती. कापून झाल्यावर बाजू ठरवायची म्हटलं की डोळा लबाडी करतो, हे तिला आता पुरतं कळलं होतं. म्हणून तिने नवऱ्याकडून टेलरचा निळा खडू मागून आणला. तुकडा कोरडा असताना, पाणी न लावता, म्हणजे त्याचा रंग दिसायच्या आत, ती उजव्या बाजूला फुली मारायची. मग करवत. फुलीवाला पाव पिशवीत. बघायचं नाही.

बघायची ती. बघून सुस्कारा टाकायची आणि तरीही टाकायची पिशवीत.

"हा जांभळा," एकदा मला म्हणाली, "हा मुलांनी मोजलेला. एकोणीस का तेवीस म्हणून भांडले होते ना, तो." दोन पाव हातात होते. फुली नेमकी जांभळ्या थराच्या बाजूवर. "आपला तो बाब्या, असं झालं होतं हो मला." आणि नाडी ओढून तिने गाठ मारली. शिरेच्या कडेचा खडक गरम पाण्याने सडून पांढुरका, भुसभुशीत झालेला असतो, तो कापताना चुरा होतो. अशा तुकड्यांना ती आधी चिकटपट्टी गुंडाळायची, पोराच्या गुडघ्याला बांधावी तशी. कुरूप तुकड्यांनाही. पूर्वी ती त्यांना एवढी माया लावत नसे, हे तिनेच सांगितलं.

आकडे आले त्या दिवशी साहेब स्वतः टेलरच्या दुकानात गेले. काकूची सुट्टी होती. दोन्हींची सरासरी टनाला तीन ग्रॅम आणि सात दशांश. एका शिरेत नऊ. मास्तरांनी मला हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब आनंदाने पुतळ्याशीच हात मिळवायला गेले. त्याला हात नाहीत."

त्याने लगेच खाणीला सोन्याचे दिवस आले असं काही झालं नाही. मुख्य कचेरीने आणखी सहा भोकं मंजूर केली, एवढंच. त्या सहांतल्या दोनांत ती शीर आणखी खोल गेलेली सापडली, मग आणखी दहा, आणि चार वर्षांनी टेकडीच्या पोटात एक लहानशी खाण सुरू झाली. मोठ्या खाणीतले लोक हिला बघून हसतील एवढी. पण गावातल्या साठेक घरांच्या चुली तिच्यावर चालतात.

ताकीदपत्र काकूने फेकलं नाही. प्लॅस्टिकच्या पाकिटात, मुलीच्या प्रशस्तिपत्रकांबरोबर ठेवलं आहे. कंपनीने तिचं पूर्ण नाव अचूक लिहिलेलं ते पहिलंच पत्र. पाहुणे आले की मास्तर ते आवर्जून काढतात. "वाचा, वाचा. दगडांत भेदभाव केला म्हणून ताकीद मिळालेली दुसरी बाई दाखवा मला."

माझे वर्ग पुढेही शेडवर जात राहिले, मी निवृत्त होईपर्यंत. काकू कुठलंही खोकं निवडायची नाही. मुलांनाच आकडा सांगायला लावायची आणि त्या आकड्याचं खोकं उघडायची. कधी सुंदर निघायचं, कधी हिरवट-करडं. करडं निघालं तर त्यात काय बघायचं हेही तिने शोधून काढलं होतं: पाणी जवळून गेलं पण थांबलं नाही, त्याच्या खुणा. मुलं तेही ऐकायची. नवरा तिकिटासकट बसमध्येच राहिला, म्हणून कुणी उतरलं नाही, असं ती सांगायची.

मुलीचे अपूर्णांक सुधारले. ती आता दुसऱ्या गावी दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर घासणं-कापणंच, फक्त माल नरम, असं तिच्या आईचं मत.

मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने मला माझा टेबलावरचा दगड नेऊ दिला. तो माझ्या खिडकीत आहे, सुलटा. शेडच्या भिंतीवरच्या नियमाखाली आता आणखी एक ओळ रंगवलेली आहे, खूण आधी, करवत नंतर, आणि ती वाचून नवे लोक विचारतात हे कशासाठी, तेव्हा काकू स्वतःच सगळी गोष्ट सांगते, काही न लपवता.

मास्तरांची नजर आता अधू झाली आहे, तेव्हा सकाळी निघण्याआधी ती त्यांना दहा सुया ओवून देते. मग आठ वाजता करवतीवर. हल्ली तिच्या हाताखाली दोन मुली शिकतात, आणि त्यांना लागणारे निळे खडू ती घरूनच नेते.